गाठ सोडवण्याआधी गाठ वाचूया : मॅक्रमचे ब्रेसलेट



राखीपौर्णिमा जवळ आली की कार्यानुभवाच्या तासिकेत दोऱ्या, मणी आणि टिकल्या बाहेर निघतात. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की यंदा टिकल्या चिकटवायच्या नाहीत, खऱ्याखुऱ्या गाठी शिकवायच्या. सहावीच्या वर्गाला मॅक्रमचं ब्रेसलेट करायला दिलं. आज त्याचीच कृती सांगणार आहे. पण कृतीच्या आधी माझी एक चूक सांगते, कारण या पाठातलं सगळ्यात महत्त्वाचं मी त्या चुकीतून शिकले.

मागच्या बाकावरच्या एका मुलाची पट्टी सपाट येईना, ती पिळासारखी फिरत होती. मी म्हटलं, "चुकलं रे," आणि सगळ्या गाठी सोडवून दिल्या. त्याने मुकाट्याने पुन्हा केल्या, पुन्हा पीळ पडला. मी पुन्हा सोडवल्या. तिसऱ्यांदा त्याने दोरी बाकावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, मी प्रत्येक वेळी अगदी सारखंच केलंय." शेजारचा लगेच बोलला, "जाऊ दे रे, हे मुलींचं काम आहे." पुढच्या तासिकेला तो मुलगा दोरीच घेऊन आला नाही.

त्याचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. सारखंच केलंय! घरी बसून मी त्याची अर्धवट पट्टी पाहिली. एकही गाठ चुकली नव्हती. प्रत्येक गाठ एकाच बाजूने, एकाच ताणाची होती. मी ज्याला चूक म्हणत होते, ती मॅक्रममधली दुसरी एक रीतसर गाठ होती. त्याने ती न शिकवता केली होती आणि मी ती दोनदा सोडवून टाकली होती.

म्हणून ही कृती मी आता वेगळ्या क्रमाने शिकवते. ती आधी तुम्ही स्वतः करा आणि मग मुलांना द्या.

मॅक्रम म्हणजे काय?

सुई नाही, माग नाही, फक्त दोरी आणि बोटं वापरून गाठींनी विणायची कला म्हणजे मॅक्रम. हा शब्द अरबी-तुर्की वळणाचा असल्याचं मानतात. जहाजांवरचे खलाशी रिकाम्या वेळात अशा गाठींच्या शोभेच्या वस्तू करत. क्लिफर्ड अ‍ॅशले या अमेरिकन चित्रकाराने गाठींचा एक मोठा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध केला. त्यात ३८०० हून अधिक नोंदी आहेत. मुलांना हा आकडा सांगा, त्यांचे डोळे मोठे होतात.

आपल्याकडेही गाठी काही नव्या नाहीत. दुधा-दह्याचं भांडं टांगायचं शिंकं गाठींचंच असायचं. दागिने रेशमात गाठवून देणारे पटवेकरी तर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले. "मंगळसूत्र गाठवून आणलं" असं आपण अजूनही म्हणतो. आणि मुलगे काम करायला लाजत असतील तर खलाशी आणि पटवेकरी या दोघांची आठवण जरूर करून द्या. माझ्या वर्गात "मुलींचं काम" हे वाक्य त्यानंतर ऐकू आलं नाही.

साहित्य (एका मुलासाठी)

१. मॅक्रमची किंवा मेण लावलेली सुती दोरी, साधारण १ ते १.५ मिमी जाडीची. एक तुकडा ६० सेंमी आणि एक तुकडा १५० सेंमी.
२. मोठ्या छिद्राचे ३ लाकडी मणी आणि शेवटी अडकवायला १ थोडा मोठा मणी. छिद्रातून दोन दोऱ्या एकदम जातात का, ते दुकानातच पाहून घ्या. मी एकदा न पाहता आणले आणि सगळे मणी वाया गेले.
३. परीक्षेचं क्लिपवालं पॅड.
४. दोन-तीन रबरबँड, मोजपट्टी, कात्री, फेविकॉल, थोडी चिकटपट्टी.
५. सरावासाठी दोन वेगळ्या रंगांच्या पायजम्याच्या नाड्या.

माप असं काढलं आहे. मुलाच्या मनगटाचा घेर १४ सेंमी धरला, तर गाठींची पट्टी १३ सेंमी पुरते, कारण मणी आणि फासा मिळून राहिलेली लांबी भरून काढतात. गाठी मारणारी दोरी पट्टीच्या साधारण पाचपट लागते. वर १० सेंमी हातात धरायला ठेवायची. म्हणजे १३ × ५ + १० = ७५ सेंमी. अशा दोन बाजू, म्हणून १५० सेंमी. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. ज्याचं मनगट मोठं, त्याची दोरी मोठी. कापायच्या आधी माप काढायची सवय लागते.

आधी नाड्यांवर सराव

बारीक दोरीवर एकदम सुरुवात करू नका. दोन रंगांच्या नाड्या घ्या, समजा लाल आणि पिवळी. त्यांची एकेक टोकं एकमेकींना बांधा. ती गाठ मोजपट्टीच्या मागे ठेवा. लाल नाडी डावीकडून पुढे येऊ द्या, पिवळी उजवीकडून. आता मोजपट्टी झाली खांब आणि दोन नाड्या झाल्या दोन वेली. "डावी वेल, उजवी वेल" हे शब्द मी मुद्दाम वापरते. "डाव्या हातातली दोरी" म्हटलं की मुलं आपले हात बघत बसतात आणि गोंधळतात.

गाठ पहिली : अर्धी गाठ

१. डावी वेल खांबाच्या पुढून आडवी उजवीकडे न्या. डावीकडे एक पोकळ फासा तयार होतो. फार ओढू नका.
२. उजवी वेल डाव्या वेलीच्या टोकावर ठेवा.
३. मग तीच उजवी वेल खांबाच्या मागून डावीकडे न्या.
४. डावीकडच्या फाशातून मागून पुढे काढा.
५. दोन्ही टोकं दोन बाजूंना सारख्या ताणाने ओढा.

वर्गात आम्ही याला चार शब्द केले आहेत : "पुढून, वरून, मागून, बाहेर." मुलं ते तालात म्हणतात आणि हात आपोआप चालतो.

दोन रंग असल्यामुळे एक गोष्ट लगेच दिसते. लाल नाडी आता उजवीकडे गेली आणि पिवळी डावीकडे आली. दोघींनी जागा बदलली. हे मुलांना स्वतः ओळखू द्या, तुम्ही सांगू नका.

गाठ दुसरी : चौकोनी गाठ

अर्धी गाठ झाली की तिचीच आरशातली प्रतिमा करायची.

१. आता उजवीकडे असलेली वेल खांबाच्या पुढून डावीकडे न्या. उजवीकडे फासा राहील.
२. डावी वेल तिच्या टोकावर ठेवा.
३. डावी वेल खांबाच्या मागून उजवीकडे न्या.
४. उजवीकडच्या फाशातून मागून पुढे काढा आणि ओढा.

दोन अर्ध्या मिळून एक चौकोनी गाठ झाली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असं आलटून पालटून करत गेलं की पट्टी सपाट येते.

गाठ तिसरी : पिळाची गाठ

हीच ती गाठ, जी मी चूक समजले होते. यात बाजू बदलायचीच नाही. प्रत्येक वेळी डावीकडे जी वेल असेल ती पुढून न्यायची, पुन्हा डावीकडची, पुन्हा डावीकडची. चार-सहा गाठींनंतर पट्टी आपणहून फिरायला लागते. तिला अडवू नका. पॅडवर काम थोडं फिरवून घ्या आणि पुन्हा डावीकडूनच सुरू करा. सुंदर गोल जिना तयार होतो.

असं का होतं? एक अर्धी गाठ दोरीला किंचित एका दिशेला वळवते. पुढची अर्धी गाठ उलट बाजूने मारली तर ते वळण मोडतं, पट्टी सपाट राहते. त्याच बाजूने मारली तर वळणात वळण मिळतं आणि पीळ पडतो. गणिताच्या भाषेत, अधिक एक आणि उणे एक मिळून शून्य, पण अधिक एक आणि अधिक एक मिळून दोन.

पालकहो, हाच प्रयोग तुमच्या घरी रोज सकाळी होतो. मुलाच्या बुटाच्या नाडीकडे पाहा. नाडीचे दोन फासे बुटावर आडवे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला पडले असतील तर गाठ बरोबर बसली आहे. फासे टाच ते बोटं अशा दिशेने उभे वळले असतील, तर दोन्ही अर्ध्या गाठी एकाच बाजूने मारल्या गेल्या आहेत. अशी नाडी लवकर सुटते. मूल वेंधळं नसतं, फक्त दुसरी अर्धी गाठ उलटी मारायला हवी असते. पहिली गाठ उजवीवर डावी घेऊन मारली असेल, तर फाशांची गाठ डावीवर उजवी घेऊन मारायला सांगा. म्हणजे गाठ तीच, पण बुटावर ती दोष ठरते आणि ब्रेसलेटमध्ये नक्षी.

गाठ वाचायला शिकवा

मुलं मध्येच बोलतात, पाणी प्यायला जातात, आणि परत आल्यावर विचारतात, "बाई, आता डावीकडून की उजवीकडून?" याचं उत्तर तुम्ही देऊ नका. उत्तर दोरीवरच आहे. पट्टीच्या कडेला छोटे उभे उंचवटे दिसतात. सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात नवा उंचवटा ज्या बाजूला असेल, त्या बाजूच्या वेलीने पुढची अर्धी गाठ सुरू करायची, म्हणजे पट्टी सपाट राहते. बोटाने चाचपूनही तो कळतो.

एवढं एक कळलं की मूल तुमच्यावर अवलंबून राहत नाही. चूक कुठे झाली तेही त्याला स्वतः सापडतं : सपाट पट्टीत जिथे एकाच बाजूला दोन उंचवटे लागोपाठ आले, तिथे बाजू बदलायची राहिली. तेवढंच सोडवायचं, पहिल्यापासून नाही.

आता ब्रेसलेट करूया

१. ६० सेंमीची दोरी मधोमध दुमडा. दुमडलेला भाग पॅडच्या क्लिपमध्ये धरा. शेवटचा मोठा मणी जेमतेम जाईल एवढा फासा वर मोकळा ठेवा. या दोन दोऱ्या आपला खांब.
२. खांबाची खालची टोकं पॅडला आडव्या लावलेल्या रबरबँडखाली दाबा, म्हणजे खांब ताठ राहील.
३. १५० सेंमीच्या दोरीचा मध्य खांबाच्या मागे, फाशाच्या लगेच खाली ठेवा. दोन्ही बाजूंना ७५-७५ सेंमीच्या वेली झाल्या. त्या लांब असल्यामुळे गुंततात. प्रत्येकीची छोटी गुंडी करून तिला रबर लावा आणि लागेल तशी सोडा.
४. पहिली चौकोनी गाठ घट्ट मारा. अशा ६-७ गाठी करा.
५. एक मणी खांबाच्या दोन्ही दोऱ्यांतून ओवून वर सरकवा. दोरीचं टोक पिंजत असेल तर त्याला चिकटपट्टीचा लहान तुकडा गुंडाळा, सुईसारखं टोक होतं. वेली मण्याच्या दोन बाजूंनी खाली आणा आणि मण्याच्या खाली चौकोनी गाठ मारा. फार आवळलं तर मणी वाकडा होतो.
६. दोन-तीन गाठी, मग मणी, असं तिन्ही मणी ओवा. पुढे पुन्हा गाठी.
७. पट्टी १३ सेंमी झाली की थांबा. खांबाच्या दोन्ही दोऱ्यांत मोठा मणी ओवा आणि त्याखाली दोन्ही दोऱ्यांची मिळून एक साधी गाठ मारा. जास्तीची टोकं कापा.
८. पट्टीच्या मागच्या बाजूला पहिल्या आणि शेवटच्या गाठीवर फेविकॉलचा एकेक थेंब लावा. पूर्ण वाळल्यावरच वेलींची उरलेली टोकं कापा.

मणी फाशातून काढला की ब्रेसलेट हातात बसलं!

सांभाळून

नायलॉनची दोरी असेल तर टोकं वितळवून बंद करतात. ते काम मोठ्यांनीच करायचं, वर्गात मुलांच्या हाती काडेपेटी किंवा लायटर द्यायचा नाही. घरात लहान भावंडं असतील तर मणी मोजून डब्यात ठेवा. आणि लहान मुलांच्या गळ्यात घट्ट बंद होणारी दोरी घालू नका, हातातलं ब्रेसलेट पुरे. डावखुऱ्या मुलाने उजवीकडून सुरुवात केली तरी चालते. पट्टी तशीच सपाट येते, फक्त आरशातली.

तीन तासिकांचं नियोजन

पहिली तासिका नाड्यांवर सराव. यात मी मुद्दाम काहीच दुरुस्त करत नाही. फळ्याचे दोन भाग करते आणि ज्यांची पट्टी सपाट आली त्यांच्या नाड्या एका बाजूला, ज्यांची फिरली त्यांच्या दुसऱ्या बाजूला लावते. मग विचारते, "या दोन्हींत काय वेगळं केलं गेलं?" उत्तर मुलंच शोधतात. ज्यांची फिरली त्यांना सांगावं लागतं की आम्ही बाजू बदलली नाही. म्हणजे कालची चूक आज माहिती होते.

दुसरी तासिका खऱ्या दोरीवर पट्टी आणि मणी.

तिसरी तासिका पूर्ण करणं आणि मोजमाप. मोजमाप असं : सरळ पट्टीत १० चौकोनी गाठी मारण्याआधी वेलीची लांबी मोजा, नंतर पुन्हा मोजा. समजा ७५ ची ४५ सेंमी झाली, तर १० गाठींना ३० सेंमी, एका गाठीला ३ सेंमी. मग ज्याला बाबांच्या मनगटासाठी करायचं आहे, त्याला किती दोरी लागेल? गुणोत्तराचा पाठ इथे आपोआप होतो. पिळाच्या १० अर्ध्या गाठींना किती दोरी लागते, तेही मोजून तुलना करू द्या.

मूल्यमापन

ब्रेसलेट किती सुबक झालं यावर मी गुण देत नाही. बोटांची तयारी प्रत्येक मुलाची वेगळी असते. मी तीन गोष्टी पाहते : अर्धवट पट्टी हातात दिली तर पुढची गाठ कोणत्या बाजूची ते सांगता येतं का? चूक सापडली तर तेवढीच सोडवता येते का? आणि शेजाऱ्याला त्याच्या दोरीला हात न लावता, फक्त शब्दांनी गाठ शिकवता येते का? हे तिसरं सगळ्यात अवघड आहे. करून पाहा, आपल्यालाही जड जातं.

आणि तो मुलगा

दुसऱ्या दिवशी मी ती अर्धवट पट्टी वर्गात घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही चूक नाही, ही वेगळी गाठ आहे, आणि ती सोडवायला लावली ही माझी चूक. वर्ग एकदम शांत झाला. मी त्याला विचारलं, "तू प्रत्येक वेळी डावीकडूनच का सुरू करत होतास?" तो म्हणाला, "तुम्हीच वेल म्हणालात ना, बाई. आमच्या दारातली वालाची वेल काठीवर गोल फिरतच चढते. ती मध्येच उलटी फिरत नाही."

मला काय बोलावं सुचेना. वेल हा शब्द मीच दिला होता आणि त्याने तो माझ्यापेक्षा नीट ऐकला होता.

त्या वर्षी आमच्या वर्गाच्या निम्म्या राख्या पिळाच्या झाल्या. त्या सगळ्यांना ती गाठ त्यानेच शिकवली, आमच्याच चार शब्दांत : पुढून, वरून, मागून, बाहेर. फक्त शेवटी तो एक वाक्य जोडायचा, "आणि बाजू बदलायची नाही."

मराठीत दोन छान शब्द आहेत. ओढली की सुटते ती सुरगाठ, सहज सुटत नाही ती निरगाठ. मुलाच्या मनात "मला जमत नाही" ही गाठ एकदा बसली की ती निरगाठ होते. म्हणून वहीतलं गणित असो, शुद्धलेखन असो की ब्रेसलेट, चूक खोडण्याआधी एक क्षण थांबून पाहूया. तीच चूक पुन्हा पुन्हा, नेमाने होत असेल, तर मुलाने तिथे काहीतरी नियम धरला आहे. तो कोणता, हे आधी त्यालाच विचारूया.

या आठवड्यात दोन नाड्या आणि एक मोजपट्टी घेऊन मुलांसोबत बसा. पट्टी फिरली तर हसू नका, रागावू नका. कुठली गाठ झाली आहे ते दोघं मिळून वाचा.